दसऱ्याला निघालेल्या गाड्या

पुण्याहून नाशिककडे जाताना संगमनेरजवळ हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. यंत्राचा आवाज होतो, दांडी वर जाते, गाडी पुढे निघते. रोज हजारो माणसं या गावाच्या नाक्यावर पैसे भरून जातात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की १८७० साली याच गावात पवळा जन्मली.

पवळा भालेराव. खंडोबाला वाहिलेली पोर. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्याआधी गवळणीतली राधा आणि वगातली राणी पुरुषच करत. लुगडं नेसून, केस वाढवून नाचणाऱ्या त्या पोरांना नाच्या पोऱ्या म्हणत. पवळा आली आणि हे चित्र पालटलं. पुढे तिची गाठ रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्याशी, म्हणजे पठ्ठे बापूरावाशी पडली. बामणाचा पोर आणि महाराची पोर एका बोर्डावर उभी राहिली आणि मुंबईपर्यंत त्यांचं नाव गाजलं. १९३९ साली पवळा गेली. १९४५ साली बापूरावही गेले, आणि तेही विपन्नावस्थेत.

तमाशाचं बोलायचं म्हटलं की आपण असंच बोलतो. एक बाई, एक शाहीर, एक लावणी, आणि शेवटी ठरलेलं दैन्य. माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, ती मनाला भिडतेही. पण तमाशा एका माणसाने कधीच उभा राहिला नाही. तो उभा राहतो फडामुळे. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणं धरून मागे उभे राहणारे झीलकरी, सोंगाड्या, सरदार, मावशी, नाचणाऱ्या पोरी, तंबू ठोकणारी पोरं, ड्रायव्हर, चुलीपाशी बसणारी माणसं आणि या सगळ्यांचं कर्ज डोक्यावर घेऊन हिंडणारा मालक मिळून फड होतो. या लेखात मला एका फडाची गोष्ट सांगायची आहे. तो नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. तुकाराम खेडकर, कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर ही तीन नावं त्याच्या पाटीवर चढली. दोन पिढ्या तो रस्त्यावर आहे.

प्रवरेकाठची माती

संगमनेरला हे वेड नवं नाही. शाहीर अनंत फंदी इथलेच. जन्म १७४४ चा, मृत्यू १८१९ चा. पेशवाईच्या उत्तरार्धात त्यांच्या तमाशाचा डंका वाजत होता. परंपरा सांगते की अहिल्यादेवी होळकरांनी त्यांची कानउघाडणी केली आणि ब्राह्मणाने तमाशा करावा हे बरं नव्हे असं सुनावलं. फंदींनी मग डफ ठेवला आणि कीर्तनाचे टाळ हाती घेतले. ज्या अहिल्यादेवींचं नाव आज या जिल्ह्याला आहे, त्यांचा जन्म जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. त्याच जामखेडात आज संगीतबारीची कलाकेंद्रं आहेत. एकाच जिल्ह्याने तमाशा सोडायला लावणारी आठवणही जपली आणि तमाशाही जपला.

फंदींनंतर हिवरगावची पवळा आली. पुढे गुलाबबाई संगमनेरकर आल्या. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे चंद्रकांत ढवळपुरीकर आणि हरिभाऊ बडे नगरकर यांनी आपापले फड घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. तमाशातल्या माणसाचं आडनाव बहुतेक वेळा गावाचंच असतं. नारायणगावकर, ढवळपुरीकर, सांगवीकर, कवलापूरकर. या कलेत उतरलेली बहुसंख्य माणसं महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतली. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि त्यांनी त्याच गावाचं नाव पाटीवर लावून ते राज्यभर नेलं. गावाच्या नावाचा इतका मोठा मान दुसऱ्या कुणी राखला असेल असं मला वाटत नाही.

खाणीवरची पोर

कांताबाईंच्या नावात सातारा आहे, पण त्यांचा जन्म गुजरातेतल्या टिंबा या लहानशा गावी, दगडाच्या खाणीवर झाला. साल १९३९. पवळा गेली ते हेच साल. आईवडील पोटासाठी खाणीवर मजुरीला गेलेले. पुढे घर साताऱ्याला परतलं आणि पोरगी मेळ्यांमधून नाचू लागली. गणपतीतले मेळे ही त्या काळी गरिबाघरच्या पोरांची नाट्यशाळाच होती. पाय तालात पडतात, आवाज खणखणीत आहे आणि चार माणसांसमोर भीती वाटत नाही, एवढं कळलं की पोर पुढच्या पायरीवर जाई. कांताबाईंची पुढची पायरी मुंबईची होती.

मुंबईत तेव्हा तमाशाला राबता होता. गिरणगावात साताऱ्याकडचा, नगरकडचा, कोकणातला कामगार खोल्याखोल्यांत दाटीने राहत होता. पाळी सुटली की त्याला आपल्या गावची बोली आणि गावची ढोलकी ऐकायची असे. लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या जागा त्या भुकेवर उभ्या होत्या. या मुंबईत कांताबाईंची गाठ तुकाराम खेडकरांशी पडली. वगातला मोठा नट, हजारोंचा तंबू शब्दावर धरून ठेवणारा. कांताबाई त्यांच्या फडात आल्या, त्यांच्या नायिका झाल्या, त्यांच्याशी संसार मांडला. रायगडची राणी, गवळ्याची रंभा, पाच तोफांची सलामी अशा वगांची नावं खेडकर-सातारकर या नावांशी जोडली गेली.

मग १९६० च्या दशकात तुकाराम गेले. तमाशात मालक गेला की फड त्याच्यामागे फार दिवस उभा राहत नाही. माणसं पांगतात, घेणेकरी दाराशी येतात. कांताबाईंच्या पदरात लहान मुलं होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांच्या फडांत कामं केली, पैसा जोडला, माणसं जोडली, आणि काही वर्षांनी स्वतःचा फड बांधला. पाटीवर पहिलं नाव नवऱ्याचं ठेवलं आणि त्याखाली स्वतःचं: तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ. बोर्डावर नाचणारी, वग करणारी ही बाई आता शंभर माणसांची मालकीण झाली होती. गाडीचा टायर फुटला तरी तिनेच बघायचं, सावकाराला तोंड तिनेच द्यायचं, आणि रात्री दहाला चेहऱ्याला रंग लावून राणी व्हायचं तेही तिनेच.

पाटीवरच्या 'लोकनाट्य' या शब्दालाही इतिहास आहे. स्वातंत्र्य मिळालं आणि लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण संहिता तपासून घ्यायची अट राहिली. सुधारलेल्या तमाशाला 'लोकनाट्य' म्हणू लागले. फडवाल्यांनी तो शब्द घेतला आणि शेजारी आपला जुना शब्दही ठेवला. 'लोकनाट्य तमाशा मंडळ' या तीन शब्दांत सरकारची अट आहे आणि फडाचा मानही आहे.

रात्र कशी उभी राहते

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेला संपतं. जे फड हा पुरा काळ फिरतात ते पूर्णवेळ. जे गुढीपाडव्याच्या पुढे, जत्रांच्या दिवसांतच उभे राहतात ते हंगामी. संगमनेरचा हा फड पूर्णवेळाच्या पंगतीतला. दसऱ्याच्या सुमाराला गाड्यांची पूजा होते, नारळ फुटतो, आणि पुढचे सात महिने माणसांचं घर म्हणजे ट्रक.

एका मोठ्या फडात शंभराहून जास्त माणसं असतात. ट्रक, बस, जनरेटरची गाडी, आणि आदल्या दिवशी गावोगाव फिरून भोंग्यावर खेळ जाहीर करणारी जीप. पहाटे खेळ संपतो, तंबू उतरतो, गाड्या भरतात. माणसं सामानावरच आडवी होतात. पुढच्या गावी उन्हं चढेपर्यंत पोचायचं. कुणी शेतात, कुणी गाडीखाली झोपतं. दुपारी दगडांच्या चुलीवर पिठलं-भाकरी किंवा कालवण शिजतं. पोरी विहिरीवर धुणी धुतात. तीन-चारला तंबूचे खांब रोवायला घेतात. दिवस मावळला की आरशासमोर गर्दी. असे दोनशेच्या आसपास दिवस. आजारपण, बाळंतपण, घरातलं मरण, सगळं याच रस्त्यावर भोगायचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर भर खेळात पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. ज्याने फडाचं वेळापत्रक पाहिलं आहे त्याला ती दंतकथा वाटत नाही. पुढची तारीख घेतलेली असते, आणि तारखेला फड गेलाच पाहिजे.

रात्री खेळ सुरू होतो तो वाद्यांवर. ढोलकीवाला पट्टा कमरेला अडकवून उभ्यानं वाजवतो. ढोलकीच्या एका तोंडावर शाई असते, तिथून टिपेचा टणत्कार निघतो. दुसरं तोंड घुमतं. शेजारी हलगी. चामड्याची हलगी गार पडली की उतरते, म्हणून ती शेकोटीवर तापवून चढवतात. तापलेल्या हलगीचा आवाज कानात शिरत नाही, छातीवर आदळतो. दोघांची जुगलबंदी लागली की चार हजार माणसांचा तंबू एका ठेक्यावर हलायला लागतो. मागे तुणतुण्याची एकच तार सूर धरून असते आणि मंजिऱ्या लय राखतात. झीलकरी गळ्याच्या शिरा ताणून शेवटची ओळ उचलून धरतात. हे सगळं ध्वनिक्षेपक येण्याच्या आधीपासूनचं आहे. कनातीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा, तर सूर टिपेचाच हवा आणि वाद्यं कडाडणारीच हवीत.

मग गण येतो, गणपतीला वंदन होतं. गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेली राधा, वाट अडवणारा कृष्ण, बोबडा पेंद्या आणि सगळ्यांना हसवून लोळवणारी मावशी. मावशी अजूनही पुरुषच करतो. त्यानंतर रंगबाजी, बतावणी, आणि शेवटी वग. बतावणीत सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि गावच्या सरपंचापासून दिल्लीच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांची हजामत करतात. संहिता बोलता बोलता घडते. ज्या गावात खेळ असेल तिथली भांडणं, तिथली माणसं दुपारीच कुणीतरी विचारून ठेवलेली असतात. असे पुढारी आमचे वैरी यासारखा वग गावोगाव चालला, कारण गावात जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते तंबूत हसत हसत बोललं जात होतं.

विजेची गिटार आणि तुणतुणं

रंगबाजीविषयी सविस्तर बोललं पाहिजे, कारण तमाशाच्या जाणकारांचा सगळ्यात मोठा राग तिच्यावर आहे. गेल्या काही दशकांत रंगबाजीत हिंदी सिनेमाची गाणी आली. कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, ड्रमचा संच आणि विजेची गिटार आली, फिरते रंगीत दिवे आले. गवळण आखडली, वग मागे सरकला. जुनी माणसं हळहळली. फडाचा ऑर्केस्ट्रा झाला, असं म्हणू लागली.

मला हे दुःख कळतं. पण ते मांडताना आपण फडाला एक गोष्ट विचारत नाही: पुढ्यात तिकीट काढून बसलेल्या वीस वर्षांच्या पोराचं काय करायचं? जगात जिथे जिथे गावाचं गाणं पोट भरण्यासाठी रस्त्यावर उतरलं, तिथे हा प्रश्न आला. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीला शेतमळ्यांवरचं, ट्रकवाल्यांचं जुनं गाणं आणि विजेच्या गिटारचा दणका एकत्र आले. 'द बर्ड्स' या नावाजलेल्या मंडळीने १९६८ साली 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही तबकडी काढली, तेव्हा जुन्या वळणाचे रसिक आणि नवी पोरं दोघंही बिचकले होते. पुढे तेच वळण गावोगावच्या दारूच्या अड्ड्यांवर रुजलं. चार-पाच जणांची टोळी, एक मोडकी गाडी, रोज नवं गाव, समोर दिवसभर राबून आलेली माणसं, आणि त्यांचे पाय थांबू द्यायचे नाहीत एवढा एकच नेम. अशा शेकडो टोळ्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. पण त्या देशाने आपल्या गावरान संगीतासाठी नॅशव्हिल शहरात संग्रहालय उभारलं. १९६७ पासून लोक तिथे तिकीट काढून जुने वाद्यसंच आणि झगे बघायला जातात.

आमच्या फडाने जे केलं ते याच जातीचं होतं. तुणतुण्याशेजारी कीबोर्ड ठेवला. ढोलकी काढून टाकली नाही. गण आजही पहिला होतो. कलगीतुऱ्याचे सवाल-जवाब, मेळे, संगीत नाटकातली पदं, सिनेमाची गाणी असं जे जे लोकांच्या कानावर रुळलं ते तमाशाने प्रत्येक पिढीत आत ओढलं. पठ्ठे बापूरावांच्या काळीही तसंच होतं. माझा आक्षेप वाद्यांवर नाही, वग कमी होण्यावर आहे. वग हा फडाचा कणा. तो उभा करायला वर्षानुवर्षं एकत्र राहणारी नटमंडळी लागतात, लिहिणारा लागतो. कवठे यमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांच्यासारख्या लेखकाने किती फडांना वग आणि लावण्या लिहून दिल्या. २०२१ मध्ये तेही गेले. हिंदी गाणं बाजारात आयतं मिळतं. वग घडवावा लागतो, आणि घडवायला वेळ आणि पैसा लागतो.

सुपारी, उचल आणि पाऊस

पैशाचं गणित समजल्याशिवाय फड समजत नाही.

संगमनेरहून चंदनापुरी घाट चढून, आळेफाटा ओलांडून साठ-सत्तर किलोमीटरवर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं. गुढीपाडव्याच्या आसपास तिथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. राहुटी म्हणजे फडाचं कार्यालय. बाहेर फडाच्या नावाची पाटी, आत मॅनेजर आणि तारखांची वही. पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतल्या यात्रा कमिट्या तिथे येतात, चार राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि खेळ ठरवतात. ठरलेल्या रकमेच्या खेळाला सुपारीचा खेळ म्हणतात. त्या खेळाला गाव फुकट बसतं आणि कमिटी फडाला पैसे देते. जत्रेच्या महिना-दीड महिन्यातल्या या सुपाऱ्यांवर फडाचं वर्ष तरून जातं.

दुसरा खेळ तिकिटाचा. कनात लावायची, दारावर तिकीट फाडायचं, जमेल ते आपलं. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत फड बहुतेक याच खेळावर चालतो. साखर कारखान्यांच्या परिसरात, आठवडी बाजाराच्या गावांत, मोठ्या यात्रांत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर राज्यातले नामांकित फड शेजारी शेजारी तंबू ठोकतात. कापडाच्या एका भिंतीपलीकडे दुसऱ्याची ढोलकी वाजत असते. प्रेक्षक आपल्या तंबूत ठेवायचा तर शेजाऱ्यापेक्षा सरस वाजवावंच लागतं.

आता खर्चाची बाजू. कलावंत हंगामासाठी बांधला जातो तो उचल देऊन. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मालक प्रत्येकाला आगाऊ रक्कम देतो. त्यावर त्याच्या घरची चूल पेटते, पोरांची शाळा होते, पोरीचं लग्न होतं. ही उचल मालक स्वतःच्या पेटीतून देत नाही, कारण पावसाळ्यात त्याचीही पेटी रिकामी असते. तो सावकाराकडून व्याजाने काढतो. म्हणजे दसऱ्याला पहिला नारळ फुटतो तेव्हाच फड कर्जात असतो. पुढचे सात महिने ते कर्ज फेडायचं, आणि फिटलं की पुढच्या पावसाळ्यासाठी नवं काढायचं. कलावंत मालकाचा देणेकरी, मालक सावकाराचा देणेकरी. मधे एक वळीव आला, तंबू भिजला, आठ दिवस खेळ बुडाले, की वर्षाचं गणित कोलमडतं.

या साखळीत एक फड इतकी वर्षं टिकतो याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बँका सहसा त्याला दारात उभं करत नाहीत. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, पगाराची हमी नाही. तरीही दर दसऱ्याला शंभर घरांच्या भाकरीची जबाबदारी घेऊन गाड्या निघतात. एखाद्या लहान कारखान्याइतकी माणसं पोसणारा हा उद्योग आहे. त्याला उद्योगाची एकही सोय मिळत नाही.

मालकाचा मुलगा, सोंगाड्या

रघुवीर खेडकर या फडात वाढले. आईवडील दोघेही बोर्डावरचे, त्यामुळे शाळा, घर आणि खेळाचं मैदान सगळं तंबूतच. ते सोंगाड्या झाले. तमाशात सोंगाड्याची जागा मालकाच्या जागेहून अवघड असते. नायकाला वग सांभाळून घेतो, नाचणारीला ढोलकी सांभाळते. सोंगाड्याला कुणीही सांभाळत नाही. हशा आला नाही तर तंबू त्याच्या अंगावर येतो. रघुवीर यांनी हे काम दशकानुदशकं केलं आणि त्याचबरोबर फडही चालवला. पाटीवर आता 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' असं नाव आलं. आईचं नाव काढलं नाही. फडमालकांच्या संघटनेतही ते पुढे राहिले, अनुदानासाठी आणि परवानग्यांसाठी सरकारदरबारी जात राहिले.

कांताबाईंना मान मिळाला. विठाबाईंच्या नावाने राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा तो पहिल्यांदा कांताबाईंना दिला. पुढे हरिभाऊ बडे नगरकर, मंगला बनसोडे अशी नावं त्या यादीत आली. नगर जिल्ह्याने या यादीला एकाहून अधिक नावं दिली.

पण मान मिळत होता त्याच काळात पायाखालची जमीन सरकत होती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं गिरणगाव पुन्हा कधी पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. तमाशाचा शहरातला हक्काचा प्रेक्षक त्याबरोबर गेला. मग घराघरांत दूरदर्शन आलं, पुढे मोबाइल. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. सण-उत्सवांसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. तमाशाचे खेळ दोनशे रात्रींचे. शेतकरी माणूस गुरांचं बघून, जेवून तंबूशी येतो तेच नऊ-साडेनऊला. पहाटेपर्यंत चालणारा वग अर्ध्या तासात कसा बसवायचा? लोकांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण गावाबाहेरच्या माळावर, वर्षातून एकदा येणाऱ्या फडाला आणि शहराच्या चौकात रोज वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना एकाच मापाने मोजणं न्यायाचं नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा फड नुकतेच रस्त्यावर आले होते. दारावरचं तिकीट रोखीचं, माणसाच्या खिशात सुटे नाहीत. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुका ऐन जत्रांच्या एप्रिल-मेमध्ये आल्या. पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असताना रात्रीच्या खेळाला परवानगी मिळणं कठीण होतं.

आणि मग २५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस, राहुट्यांचा, सुपाऱ्यांचा. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ठरलेल्या जत्रा रद्द झाल्या, गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. उचल देऊन झाली होती, कर्ज काढून झालं होतं. पुढच्या वर्षी पाडवा आला १३ एप्रिल २०२१ ला, आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन हंगाम गेले. लोकांना हसवणारी माणसं मजुरीला गेली, कुणी भाजी विकली, कुणी वाद्यं विकली.

त्याच लाटेत कांताबाईंना कोरोनाने गाठलं. २५ मे २०२१ ला संगमनेरात त्या गेल्या. वय ८२. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, फडाच्या वर्षाचा शेवटचा दिवस.

पदक आणि पेटी

त्यानंतरही फड उठला. टाळेबंदी सरल्यावर पुन्हा उचल दिली गेली, पुन्हा नारळ फुटला, गाड्या निघाल्या. २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत रघुवीर तुकाराम खेडकर हे नाव पद्मश्रीच्या यादीत आलं. खाणीवर जन्मलेल्या बाईच्या मुलाला, तंबूत वाढलेल्या सोंगाड्याला देशाने नागरी सन्मान दिला. संगमनेरच्या माणसाला याचा अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. मलाही तो वाटतो.

तरी या अभिमानापाशी थांबू नये असं मला कळकळीने वाटतं. पदक माणसाला मिळतं, कर्ज फडाच्या वाट्याला येतं. विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींकडून पदकं मिळाली. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्याभोवती जी तंगी होती ती पदकांनी हटली नव्हती. आपण कलावंताचा सत्कार करतो, शाल घालतो, आणि त्याला ज्यावर उभं राहायचं तो बोर्ड मात्र दरवर्षी थोडा थोडा मोडू देतो. पूर्णवेळ फिरणारे फड आज बोटांवर मोजावेत एवढेच उरले आहेत. फड मोडला की ढोलकीवाल्याकडून ढोलकी शिकणारं पोर राहत नाही, बतावणीत समोरच्याचा शब्द झेलायला कुणी राहत नाही, वग पाठ असलेली माणसं पांगतात. पुढे कितीही पुरस्कार ठेवले तरी ते द्यायला माणूस सापडणार नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काहीच अशक्य नाही. पावसाळ्यातल्या उचलीसाठी फडांना कमी व्याजाचं हंगामी कर्ज द्या. या जिल्ह्याने सहकार उभा केला. प्रवरानगरच्या कारखान्यापासून गावोगावच्या पतसंस्थांपर्यंत शेतीच्या हंगामाला कर्ज कसं द्यायचं हे इथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फडाचाही हंगामच असतो. गावाबाहेरच्या नोंदणीकृत खेळांना वेळेची वेगळी मर्यादा ठरवा. संगमनेरात एक खोली द्या, तिथे वगांच्या हस्तलिखित वह्या, जुने पडदे, जाहिरातींचे कागद, तुटलेली तुणतुणी जपून ठेवा. अनंत फंदींपासून खेडकरांपर्यंतची रांग एका भिंतीवर लागू द्या. पवळेच्या गावाच्या टोलनाक्यावर तिच्या नावाची एक पाटी लावायला किती खर्च येईल?

यात्रा कमिट्यांना माझी विनंती वेगळी आहे. ठरलेली सुपारी खेळ संपल्यावर पुरी द्या, घासाघीस पहाटे करू नका. फड वर्षातून एकदा येतो, त्याच्या बायामाणसांना आडोसा आणि पाणी द्या. आणि राहुटीत गेल्यावर गाणी किती याबरोबर वग कोणता हेही विचारा. मागणी आली तर फड वग उभा करतील. त्यांनी आजवर जे उभं केलं ते मागणीवरच केलं आहे.

वाचकहो, हा अंक हातात पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल आणि गाड्या रस्त्याला लागल्या असतील. तुमच्या गावाजवळ, एखाद्या कारखान्याच्या माळावर, कुठल्याशा खंडोबाच्या यात्रेत तंबू ठोकलेला दिसेल. फुकटच्या खेळाची वाट बघू नका. घरच्यांना घेऊन जा आणि तिकीट काढून आत बसा.